वाफ्यास खत घालण्यापूर्वीं

शाळेच्या बागेंत वाफे करण्याचा तास आला म्हणजे विद्यार्थ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "सर, खत किती घालावयाचें?" खत कोणतें, तें पुरतें कुजलें आहे कीं नाहीं, आणि तें कोणत्या वेळीं घालावयाचें, हे तीन प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो. वास्तविक 'किती' हा प्रश्न या तिहींच्या मागून यावयास पाहिजे. अर्धवट कुजलेलें शेणखत दुप्पट घातल्यानें वाफा दुप्पट सुपीक होत नाहीं. उलट रोपें पिंवळीं पडतात, हुमणी माजते, आणि महिन्याभराची मेहनत फुकट जाते. शिवाय घरीं दोन जनावरें असून ज्यांच्या उकिरड्याचें निम्में सत्त्व उन्हापावसांत नाहींसें होतें, आणि मग तेंच सत्त्व गोणीच्या रूपानें दुकानांतून उधारीवर आणावें लागतें, अशीं कुटुंबें आमच्या विद्यार्थ्यांमध्यें थोडीं नाहींत. म्हणून हा लेख जितका मुलांसाठीं तितकाच त्यांच्या आईवडिलांसाठींहि आहे.

वनस्पतीस जमिनींतून जीं द्रव्यें घ्यावीं लागतात, त्यांत नत्र, स्फुरद व पालाश हीं तीन मुख्य होत. नत्रानें पाला जोमानें वाढतो. स्फुरदानें मुळें पसरतात व फुलाफळांस बळ येतें. पालाशानें झाड काटक होतें. यांखेरीज चुना, गंधक, लोह, जस्त वगैरे द्रव्येंहि कमीअधिक प्रमाणांत लागतातच. झाडें हीं द्रव्यें खनिज रूपांत शोषून घेतात, हें मत जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनीं १८४० सालीं आपल्या ग्रंथांत जोरानें मांडलें, आणि तेथून रासायनिक खतांच्या युगास आरंभ झाला असें म्हणण्यास हरकत नाहीं. हवेंतील नत्र पकडून त्याचा अमोनिया करण्याची युक्ति फ्रिट्झ हाबर यांनीं १९०९ सालीं प्रयोगशाळेंत साधली व कार्ल बॉश यांनीं ती कारखान्यांत आणली. आपल्याकडे सिंद्री येथील सरकारी खत कारखान्यांतून १९५१ सालीं उत्पादन सुरू झालें. आज खेड्याखेड्यांत युरियाची गोणी मिळते ती या साऱ्या परंपरेमुळें.

आतां शेणखत चांगलें कीं रासायनिक खत चांगलें, असा वाद घरोघर ऐकूं येतो. एक पक्ष म्हणतो, शेणखतांत आहे काय, शंभर किलोंत जेमतेम अर्धा किलो नत्र! दुसरा पक्ष म्हणतो, गोणींतलें खत म्हणजे विष. दोन्ही पक्षांनीं इंग्लंडांतील रॉथमस्टेड येथील प्रयोगांकडे पाहावें असें आम्हांस वाटतें. तेथें जॉन लॉझ व जोसेफ गिल्बर्ट यांनीं १८४३ सालीं गव्हाचा जो प्रयोग आरंभिला तो अद्यापि चालू आहे. एका तुकड्यास दरवर्षीं शेणखत, कांहीं तुकड्यांस केवळ रासायनिक खतें, एकास कांहींच नाहीं, असा तो क्रम आहे. पहिल्या शंभराहून अधिक वर्षांत शेणखताच्या तुकड्यावर आणि पुरेसें रासायनिक खत दिलेल्या तुकड्यावर गहूं जवळजवळ सारखाच आला. तेव्हां विषाची गोष्ट टिकत नाहीं. परंतु त्याच ठिकाणीं जवाच्या शेतांतील एका तुकड्यास १८५२ पासून १८७१ पर्यंत वीस वर्षें शेणखत घालून पुढें तें बंद करण्यांत आलें. त्यानंतर शंभरावर वर्षें लोटलीं तरी, ज्यास कधींच खत मिळालें नाहीं अशा तुकड्यापेक्षां, याच्या मातींत सेंद्रिय द्रव्य अधिक आढळतें आणि जवहि अधिक येतो! गोणींतील नत्राची आठवण मातीस एक हंगामहि धड राहत नाहीं.

अर्थात् इंग्लंडची हवा थंड आहे. आपल्या देशावरील उन्हांत सेंद्रिय द्रव्य फार लवकर जिरून जातें. म्हणूनच आपणांस दरवर्षीं तें पुन्हां घालावें लागतें. काळ्या चिकण जमिनींत तें मिसळलें म्हणजे ढेंकळें मोकळीं होतात व मुळांस हवा मिळते. मुरमाड जमिनींत मिसळलें म्हणजे पाणी धरून राहतें. एकच वस्तु दोन परस्परविरुद्ध दोष दूर करते. आमच्या मतें शेणखत हें प्रथम मातीसाठीं आणि मग झाडासाठीं आहे; रासायनिक खत हें केवळ झाडासाठीं आहे. हा भेद ध्यानांत आला म्हणजे वाद बहुतेक मिटतो.

खताची तयारी उकिरड्यावर नव्हे, गोठ्यांत सुरू होते. जनावराच्या पोटांतून बाहेर पडणाऱ्या नत्रापैकीं सुमारें निम्मा भाग, पुष्कळदां त्याहूनहि अधिक, शेणांत नसून मूत्रांत असतो, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते. सकाळीं गोठ्यांत शिरतांच नाकास जो झणझणीत वास येतो तो अमोनियाचा. म्हणजे विकत घेतलेल्या युरियांत जें असतें तेंच द्रव्य आपल्या डोळ्यांदेखत, किंबहुना नाकादेखत, उडून जात असतें. उपाय मात्र अगदीं साधा आहे. गोठ्याच्या जमिनीवर सुकी माती, पालापाचोळा किंवा वैरणीचें उरलेलें चिपाड पसरावें. तें भिजलें कीं रोज सकाळीं शेणाबरोबर खड्ड्यांत टाकावें. धनगरांस विनवून उन्हाळ्यांत मेंढरांचा कळप शेतांत बसविण्याची जी जुनी चाल आहे, तिचें मर्महि हेंच. लेंड्यांबरोबर मूत्रहि थेट मातींत मुरतें.

गोवऱ्यांविषयीं येथें दोन शब्द सांगणें प्राप्त आहे. १८८९ सालीं हिंदी शेतीची पाहणी करण्यास आलेले डॉक्टर जॉन व्होल्कर यांनीं १८९३ च्या आपल्या अहवालांत स्पष्ट लिहिलें कीं, येथील शेतकरी शेण जाळतो तो अज्ञानानें नव्हे, तर सरपणाच्या टंचाईमुळें. हा न्याय त्यांनीं केला हें त्यांस भूषणावह आहे. आज पुष्कळ घरीं गॅसची शेगडी आली आहे. तरी गोवऱ्यांचे ढीग अजून दिसतातच. गोवरी जळली कीं तिच्यांतील नत्र धुराबरोबर गेलें. पालाश व स्फुरद तेवढे राखेंत राहतात.

खड्डा सहा फूट लांब, चार फूट रुंद व तीन फूट खोल असला तरी एका कुटुंबास पुरतो. तो सावलींत, व पावसाचें पाणी आंत वाहून येणार नाहीं अशा उंचवट्यावर असावा. तळाशीं काडीकचऱ्याचा वीतभर थर, त्यावर शेणाचा पातळ थर, त्यावर गोठ्यांतील भिजलेली माती, वरून थोडें पाणी, आणि पुन्हां काडीकचरा, असें रचीत जावें. भाजीचीं देठें, फळांच्या साली, झाडलोट हें सर्व चालतें; कांच, प्लॅस्टिक व औषधांच्या पुड्या मात्र चुकूनहि नकोत. ही पद्धति आम्ही शोधलेली नाहीं. इंदूर येथील संशोधन संस्थेंत अल्बर्ट हॉवर्ड यांनीं १९२४ पासून १९३१ पर्यंत काम करून ती बसविली, आणि १९३१ सालीं तिजवर जो ग्रंथ प्रसिद्ध झाला त्यावर हॉवर्ड यांच्या जोडीनें यशवंत वाड यांचें नांव आहे. जगभर 'इंदूर पद्धति' या नांवानें ती ओळखली जाते.

या पद्धतींतील मुख्य गोष्ट खड्डा ही नसून उलथणें ही आहे. कुजविणारे सूक्ष्म जंतु हवेवर जगतात. खत तीन वेळां तरी उलथावें व ओल पाहून पाणी शिंपडावें; म्हणजे सुमारें तीन महिन्यांत तें तयार होतें. मूठभर खत दाबलें असतां हातास ओल लागावी, परंतु पाणी निथळूं नये. पहिल्या आठवड्यांत ढीग तापतो. आंतील उष्णता पंचावन्न ते पासष्ट अंशांपर्यंत चढते. लोखंडी सळई आंत खुपसून पांच मिनिटांनीं काढून पाहावी. हातांत धरवत नाहीं. याच उष्णतेनें तणांचें बीं व रोगजंतु पुष्कळ अंशीं मरतात, म्हणून कडेचा थंड भाग प्रत्येक उलथणीस मध्यभागीं आणावा.

खत पुरतें झालें हें कशावरून ओळखावें? ढीग थंड झालेला असतो आणि उलथला तरी पुन्हां तापत नाहीं. रंग काळसर तपकिरी होतो. शेणाचा वास जाऊन पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. पान कोठलें व काडी कोणती हें ओळखूं येत नाहीं. याहूनहि पक्की कसोटी पाहिजे असेल तर दोन बशा घ्याव्या. एकींत चाळलेलें खत व माती समभाग, दुसरींत नुसती माती. दोहोंत मेथीचे वीस वीस दाणे टाकून ओल ठेवावी. आठवड्यानें खताच्या बशींतील रोपें मातीच्या बशीइतकींच किंवा अधिक तरतरीत दिसलीं तर खत तयार आहे. कमी उगवलीं अथवा कडा करपलेलीं दिसलीं तर आणखी महिनाभर थांबावें. सातवीच्या वर्गास हा प्रयोग सहज करतां येतो.

कच्च्या खतानें होतें काय, हें समजलें म्हणजे थांबण्याचा कंटाळा येणार नाहीं. वाळलेल्या काडांत नत्राच्या मानानें कार्बन ऐंशीपट किंवा त्याहूनहि अधिक असतो. लांकडाच्या भुशांत तर तो कित्येक शेंकडे पट असतो. मुरलेल्या खतांत हेंच प्रमाण दहा ते वीसपटींवर येतें. असें काड कच्चेंच मातींत गाडलें कीं तें कुजविण्यासाठीं जंतूंची संख्या एकदम वाढते, आणि आपलें शरीर बनविण्यास लागणारें नत्र ते मातींतूनच ओढून घेतात. पंगतींत आधीं जेवून घेणारे हे पाहुणे! रोपांच्या वांट्यास कांहीं उरत नाहीं, तीं पिंवळीं पडतात, आणि मालक म्हणतो, "एवढें खत घातलें तरी झाडास लागलें नाहीं." ताज्या शेणाची अडचण निराळी आहे. तें आंतल्या आंत तापतें, अमोनिया सोडतें व कोंवळ्या मुळ्या भाजून काढतें. पहिल्या पावसानंतर संध्याकाळीं कडुनिंबावर व बाभळीवर जमणारे तपकिरी भुंगेरे मुलांनीं पाहिलेच असतील. त्यांची पांढरी, वांकडी अळी ती हुमणी. अर्धवट कुजलेलें खत तिला फार मानवतें, आणि त्या खताबरोबर आपणच तिला वाफ्यांत नेऊन सोडतों. पुढें मिरचीचें रोप अचानक सुकलें व ओढतांच हातांत आलें म्हणजे मुळाशीं ती सांपडते.

आरोग्याचीहि एक बाब आहे. कोथिंबीर, मुळा, गाजर, पालक यांचा मातीशीं निकट संबंध येतो, आणि त्यांतील कांहीं आपण कच्च्याच खातों. ताज्या शेणांत जुलाब घडविणारे जंतु असूं शकतात. अमेरिकेंतील सेंद्रिय शेतीच्या नियमांत, जी भाजी मातीस टेंकते तिच्या बाबतींत कच्चें शेण घालणें व काढणी यांत निदान १२० दिवसांचें अंतर ठेवावें लागतें. आपली मेथी तर महिनाभरांत ताटांत येते! धनुर्वाताचे जंतुहि शेणामातींत असतात. तेव्हां पायांत चप्पल, जखमेवर पट्टी आणि काम संपल्यावर साबणानें हात, ही शिस्त पालकांनीं घरींहि पाळावी, आणि मुलांचीं धनुर्वाताचीं इंजेक्शनें वेळेवर झालीं आहेत कीं नाहींत हेंहि पाहावें.

एवढें झाल्यावर प्रत्यक्ष वाफ्याकडे वळूं. दहा फूट लांब व चार फूट रुंद वाफा सोयीचा. कारण दोन्ही बाजूंनीं हात मध्यापर्यंत पोंचतो व आंत पाय द्यावा लागत नाहीं. पावसाळ्यांत गादीवाफा करावा, म्हणजे पाणी सांचत नाहीं. उन्हाळ्यांत सपाट वाफा बरा, म्हणजे ओल टिकते. खणणें तें वाफशावर. काळी माती ओली असतां कुदळ घातली तर तिचीं जीं ढेंकळें बनतात, तीं वाळल्यावर विटेसारखीं होतात व सबंध हंगाम फुटत नाहींत. मूठभर माती दाबून सोडली असतां गोळा हलकेच फुटला तर वाफसा आला असें समजावें. टिकावानें नऊ इंच ते फूटभर खोल खणून हरळीच्या काशा एकूणएक वेंचाव्या. एक कांडें राहिलें तरी ती परत येते.

अशा वाफ्यास मुरलेलें खत सुमारें वीस किलो पुरे. आमच्या शाळेच्या घमेल्यानें दोन घमेलीं. तें पसरून त्याच दिवशीं वरच्या सहा इंच मातींत मिसळावें. चैत्र-वैशाखांत शेतांत खताचे लहान लहान ढीग टाकून ते पाऊस येईपर्यंत उन्हांत तसेच ठेवण्याची चाल आपल्याकडे सर्रास आहे. ती आम्हांस अजिबात पसंत नाहीं. तीन महिने जपलेलें खत तीन आठवड्यांत वाळवून टाकण्यासारखेंच तें आहे. खत मिसळल्यावर एकदां पाणी देऊन वाफा पंधरवडाभर स्वस्थ ठेवावा. त्या अवधींत तणाचें जें बीं असेल तें उगवून येतें व खुरप्यानें काढतां येतें. शुभवर्तमानांतील अंजिराच्या दृष्टांतांत मालक झाड तोडावयास निघतो, तेव्हां माळी भोंवतीं खणून खत घालण्यासाठीं वर्षभराची मुदत मागतो. खऱ्या माळ्याचें बोलणें तें. आपणांस तर पंधरवडाच थांबावयाचें आहे.

आतां रासायनिक खताचा हिशेब. येथें अंदाजापेक्षां अंकगणित उपयोगी पडतें. एखाद्या फळभाजीस हेक्टरीं १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद व ५० किलो पालाश द्यावयाचें आहे असें उदाहरणादाखल धरूं. हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. आपला वाफा सुमारें ३.७ चौरस मीटर. तेव्हां वाफ्याच्या वांट्यास ३७ ग्रॅम नत्र येतें. युरियांत शेंकडा ४६ नत्र असतें, म्हणून युरिया ८० ग्रॅम. त्याच रीतीनें शेंकडा १६ स्फुरद असलेलें सिंगल सुपर फॉस्फेट ११६ ग्रॅम, आणि शेंकडा ६० पालाश असलेलें म्युरिएट ऑफ पोटॅश ३१ ग्रॅम. परंतु आपण वीस किलो शेणखत आधींच घातलें आहे. त्यांत अर्धा टक्का नत्र धरलें तर १०० ग्रॅम होतें. त्यांपैकीं पहिल्या हंगामांत झाडास साधारण चौथा ते तिसरा हिस्सा, म्हणजे २५ ते ३३ ग्रॅम मिळतें. बाकी राहिलें चार ते बारा ग्रॅम नत्र. त्यास युरिया फार तर पंचवीस ग्रॅम, म्हणजे दोन मोठे चमचे पुरे. सबंध वाफ्यास दोन चमचे! आणि आपण पाहतों तों प्रत्येक झाडाच्या बुंध्याशीं मूठ मूठ युरिया पडत असतो. वरील मात्रा केवळ उदाहरणाची आहे. आपल्या मातीस काय कमी आहे हें माती-परीक्षणावरून ठरतें, आणि मातीचा नमुना तालुक्याच्या कृषि कार्यालयामार्फत तपासून घेतां येतो.

अधिक युरियानें रोप कां जळतें? कैरीच्या फोडींस मीठ लाविलें म्हणजे त्या पाणी सोडतात, हें प्रत्येक घरीं ठाऊक आहे. मुळाशेजारीं क्षार दाट झाले कीं तसेंच मुळ्यांतील पाणी बाहेर ओढलें जातें, आणि मातींत ओल असूनहि रोप तहानेनें मरतें. म्हणून हा थोडासा युरियाहि लावणीच्या वेळीं न देतां, रोप चांगलें रुजल्यावर, सुमारें महिन्यानें, बुंध्यापासून चार बोटें दूर मातींत मिसळून द्यावा व लगेच पाणी घालावें. आपल्या चुनखडीच्या जमिनींत वर उघडा टाकलेला युरिया अमोनिया होऊन हवेंत जातो. सुपर फॉस्फेटचें उलट आहे. तें टाकल्या जागेवरून फारसें हलत नाहीं, म्हणून वाफा करतांनाच शेणखतांत कालवून मुळांच्या खोलीवर घालावें. मेथी, पालक यांसारख्या पालेभाजीस चांगलें शेणखत असतां आम्ही सहसा गोणी सोडीत नाहीं.

राखेविषयीं पुष्कळदां विचारलें जातें. लांकडाच्या राखेंत पालाश असतें हें खरें, पण ती अल्कधर्मी असते. कोंकणांतील तांबडी माती आंबट असल्यामुळें तेथें ती थोड्या प्रमाणांत मानवते. देशावरील चुनखडीच्या काळ्या मातींत ती घालणें म्हणजे आधींच असलेला दोष वाढविणें होय; कोंवळीं पानें पिंवळीं व शिरा तेवढ्या हिरव्या दिसूं लागल्या तर लोह मिळेनासें झालें असें समजावें, आणि तेथें राख बिलकुल नको.

भाजी निघाल्यावर मुळें उपटून बांधावर फेंकूं नयेत. रोगट नसतील तर खड्ड्यांत टाकावीं. पुढील पिकासाठीं पुन्हां एक घमेलें खत मिसळावें, आणि वांगीं किंवा मिरची काढलेल्या वाफ्यांत चवळी अथवा घेवडा लावावा. या वेलींच्या मुळांवरील गांठींत हवेंतील नत्र सांठविणारे जंतु राहतात. एखादी गांठ नखानें फोडून पाहावी. आंत गुलाबी रंग दिसला तर त्यांचें काम चालू आहे. दिवाळीच्या सुट्टीपूर्वीं शाळेच्या वाफ्यांतील चवळी उपटावयाची असते, त्या वेळीं प्रत्येक वर्गानें या गांठी मोजून वहींत नोंद करावी.